कुसुमाचं झाड पडून राहिलं

दोराच्या चोरीचं ते प्रकरण माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पेटलेले मोर्चे अंगावर घेतले. पण निवृत्त झाल्यावर कोणी "साहेब, एखादी केस सांगा ना" म्हटलं, की मी एका नायलॉनच्या दोराची चोरी सांगायला बसतो. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. उतरू दे. बाकीच्या प्रकरणांत चुका गुन्हेगारांनी केल्या होत्या. या प्रकरणात सगळ्यात मोठी चूक माझी होती आणि ती मी स्वतःच्या अक्षरात लिहून, खाली सही करून ठेवली होती.

मी मूळचा सांगलीकडचा. गोंदियाला बदली झाली तेव्हा आमच्या सासूबाई मुलीच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. जणू जावयाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आज गोंदियाजवळच मुर्रीला माझं घर आहे, मागे चार वाफे भाजी आहे, आणि त्याच सासूबाई दर हिवाळ्यात महिनाभर मुक्कामाला येतात. जायची वेळ झाली की म्हणतात, "अजून आठ दिवस राहिले असते." असो. सांगायचं ते वेगळंच.

माझ्याकडे तेव्हा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, छत्तीसगडच्या हद्दीला लागून असलेलं एक लहान ठाणं होतं. इकडे ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणतात. शब्द भारदस्त आहे, खुर्ची मात्र हलत होती. ठाण्यापासून चौदा-पंधरा किलोमीटरवर डोंगर लागतो. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तो डोंगर आधी टेकडीच वाटतो. मलाही वाटला. मग एकदा पंचनाम्यासाठी भर दुपारी चढलो आणि शब्द मागे घेतला. त्या डोंगरात एक धबधबा आहे, शेजारी सरळ तुटलेला कडा आहे आणि खाली ओढ्याकाठी सपाट मैदान. एकेकाळी नक्षल्यांमुळे तिकडे जायचं तर आम्ही पोलीससुद्धा चारदा विचार करायचो. आता दिवाळी झाली की होळीपर्यंत तिथे तंबू लागतात. रायपूर, नागपूर, गोंदियाची माणसं येतात, शेकोटीभोवती बसतात, ओढ्यात पाय सोडतात, आणि ज्यांना घरी माळ्यावर चढायची भीती वाटते ते डोक्यावर टोप घालून, कमरेला पट्टे बांधून दोराने कडा उतरतात. त्याला ते रॅपलिंग म्हणतात.

सहलीला आलेला माणूस हा पोलिसांच्या दृष्टीने एक वेगळाच प्राणी आहे. घरी असतो त्याच्या दुप्पट शूर असतो आणि घरी असतो त्याच्या निम्मं ऐकतो. शनिवार-रविवारी आमचे दोन शिपाई तिथे बंदोबस्ताला असायचे. गाड्या नीट लावून घेणं, भोंगे बंद करणं, दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्यांना कॉलर धरून बाहेर काढणं, हे काम. तक्रारी बहुतेक वानरांविरुद्ध. "साहेब, माझी पर्स नेली." कोणी नेली? समोरच्या झाडावर बसून तोच लिपस्टिक खातोय.

म्हणून त्या शुक्रवारी सकाळी तंबूंच्या कॅम्पचा मॅनेजर ठाण्यात आला तेव्हा मी म्हटलं, "काय, पुन्हा वानरं?"

"नाही साहेब. दोर गेला." तो पुण्याचा, चाळिशीच्या आतला, बोलायला गोड आणि कामाला वाघ. "कडा उतरायचा मुख्य दोर. गुरुवारी दुपारी वर झाडाला बांधलेला होता, संध्याकाळी गुंडाळायला गेलो तर गाठ सोडून नेलेला. कापलेला नाही हं, सोडलेला. रविवारी आमगावहून शिक्षकांचा मोठा ग्रुप येतोय. माझी तर पाचावर धारण बसली आहे."

"कोणावर संशय?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "वरच्या टोल्यावरचा एक म्हातारा आहे. आमच्यावर त्याचा राग आहे."

टोला म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती. म्हातारा गोंड समाजातला, पासष्टीचा. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धान, आणि उमेदीच्या काळात त्याच कड्यावरचा मध काढायचा त्याचा हातखंडा. आग्यामोहोळाच्या कड्याखाली कॅम्पवाल्यांनी मागच्या हंगामात शेकोटी केली, तेव्हा तो येऊन चांगला भांडून गेला होता. या हंगामातही दोन-तीनदा येऊन काहीबाही बोलून गेला, असं मॅनेजर म्हणाला. म्हणजे हेतू सापडला. पोलिसाला हेतू सापडला की भूक लागल्यावर ताट दिसल्यासारखं होतं, मग ताटात काय आहे ते कोणी बघत नाही. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, चोरीचा गुन्हा दाखल केला आणि जागेचा पंचनामा करून आलो. दोर नव्हता, एवढंच त्यातून सिद्ध झालं.

खबर शनिवारी सकाळी आली. टोल्या-टोल्यावर सायकलने मासे विकणारा एक ढिवर होता. माझ्या ओळखीचा, आणि मासे ताजे असोत-नसोत, बातमी ताजी आणायचा. सायकल स्टँडला लावून म्हणाला, "साहेब, तुमचा दोर तं म्हाताऱ्याच्या कुपावर वाळून राहिला."

"वाळून राहिला?"

"हो जी. धुतला ना त्यानं. लाल-निळा, लांबलचक. साऱ्या टोल्याले दिसून राहिला."

आता इकडची ही बोलण्याची तऱ्हा मला चांगली कळायला लागली होती. जात आहे म्हणायचं असेल तर 'जाऊन राहिलो', खात आहे म्हणायचं तर 'खाऊन राहिलो'. सुरुवातीला एका शिपायाने "साहेब, मी येऊन राहिलो" असं फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याला "आलास तर दिसत का नाहीस?" म्हणून झापला होता. त्यावर ठाण्यात महिनाभर हशा चालला. पण आता मला दीड वर्ष झालं होतं. मला वाटायचं, मला झाडीबोली येते. हे 'वाटायचं' लक्षात ठेवा.

मी दोन पंच घेऊन टोल्यावर गेलो. दोर खरंच कुपावर, म्हणजे कुंपणावर, वाळत होता. चोरीचा माल धुऊन, उन्हात पसरून ठेवणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. तिथेच डोक्यात काहीतरी टोचायला हवं होतं. नाही टोचलं. म्हातारा अंगणात खाटेची सुतळी ताणत बसला होता. आम्हाला बघून उठला, घरात गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. दोर मुद्देमाल म्हणून जप्त केला, लाखेने सील केला आणि म्हाताऱ्याला जीपमध्ये बसवून ठाण्यात आणलं.

त्या दिवशी ठाणं रिकामं होतं. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसभर बाजार, पाहुणेरावळे आणि मग दंडारीचा नाच-तमाशा नाहीतर नाटक. कॅम्पवरचे दोघे सोडले तर माझे सगळे इकडचे कर्मचारी कामठ्याकडच्या एका मोठ्या मंडईच्या बंदोबस्ताला गेले होते, लेखनिकासकट. उरलो मी सांगलीचा आणि एक शिपाई लातूरचा. त्यामुळे जबाब मीच लिहायला घेतला.

"बाबा, दोर कोणी आणला?"

"मीच आणलो जी." उत्तर असं आलं, जसं काही मी त्याला सरपण कोणी आणलं असं विचारलं होतं.

"कधी?"

"गुरवारी. वानरं त्यायच्या रांधायच्या तंबूत शिरले. सारे तिकडं धावले. मी गाठ सोडलो आन् आणलो."

"काऊन?" 'का' हे मी मुद्दाम त्याच्या बोलीत विचारलं. मला येते ना!

"झाड पडून राहिलं जी. कुसुमाचं. त्यालेच बांधतेत हे लोक दोर."

"मग त्यांना सांगायचं."

"तीन डाव सांगितलो. मॅनेजर वर आला, झाड पाह्यला आन् हासला. म्हणे, बाबा, सकाळीच घेऊन आला काय?" एवढं सांगताना म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी पेत नाही जी. माहा बापही पेत नव्हता."

मी लिहिलं : 'दोर ज्या कुसुमाच्या झाडाला बांधतात ते झाड पडलेले असल्याने मी दोर काढून नेला.' लिहिता लिहिता मला हसू आलं. पडलेल्या झाडाला दोर बांधून माणसं कडा कशी उतरतील? आणि काल पंचनाम्याला मी स्वतः त्या झाडाखाली उभा होतो. झाड चांगलं उभं होतं. तरी तपासात कसर नको म्हणून लातूरच्या शिपायाला मोटरसायकलवर वर पाठवला. तो चार वाजता परत आला.

"सर, झाड उभं आहे. हिरवंगार. फोटो पण काढलाय."

मी फोटो म्हाताऱ्यासमोर धरला. "हे काय आहे?"

त्याने फोटो निरखला. "कुसुम आहे जी."

"पडलंय का हे?"

"पडून राहिलं," तो म्हणाला.

माझं डोकं सणकलं. "बाबा, मला बनवताय काय? उभं झाड समोर दिसतंय आणि तुम्ही पडलं म्हणताय! रागापायी दोर चोरला म्हणा, एवढं सोपं आहे."

तो गप्प बसला. ते गप्प बसणं मी कबुली समजलो. आता मला वाटतं, वेड्यासमोर शहाणा माणूस जसा गप्प बसतो तसा तो बसला होता.

असल्या चोरीत आम्ही अटक करत नाही, नोटीस देऊन सोडतो. मी म्हटलं, "सोडतो तुम्हाला. पण पुन्हा कॅम्पच्या वस्तूला हात लावायचा नाही."

"लावीन जी."

"काय?"

"दोर बांधला का पुन्हा आणीन."

आता अशा माणसाला सोडायचा कसा? तेवढ्यात खाली गावात सामानाला आलेल्या मॅनेजरचा फोन आला. रविवारचा ग्रुप येतोय, हा म्हातारा तिथे येऊन तमाशा करेल, काहीतरी करा. मग मी अनुभवी अधिकारी ना, मी युक्ती काढली. म्हाताऱ्याला संध्याकाळी घरी सोडला आणि बजावलं की रविवारी सकाळी आठ वाजता ठाण्यात हजर व्हायचं. दिवसभर इथेच बसायचं. तिकडे कॅम्प सुखरूप, इकडे म्हातारा सुखरूप. माझ्या युक्तीवर मी इतका खूश होतो की घरी जाऊन बायकोलाही सांगितली.

रविवारी तो आठच्या आधीच आला. पायी आला. पंच्यात शिदोरी बांधून आणली होती. व्हरांड्यातल्या बाकावर बसला. दारातून आतलं टेबल दिसायचं आणि टेबलावर सील केलेला दोर.

"साहेब, हा दोर आज इथंच राहते ना जी?"

"राहतो. कोर्टाच्या हुकमाशिवाय हलायचा नाही."

"बेस झालं," म्हणाला, आणि खरंच निवांत झाला. शिपायाने दिलेला चहा बशीत ओतून प्यायला. ऊन अंगावर घेत डोळे मिटून बसला. मी हजेरी घेतली, आठवड्याची पत्रकं उरकली. सव्वानऊच्या सुमारास बाहेर आलो तर हा गृहस्थ इतका समाधानी दिसला की माझ्यातला खवचट माणूस जागा झाला.

मी म्हटलं, "बाबा, तुमच्या चोरीनं कोणाचं काही अडलं नाही बरं का. त्यांनी काल नागपूरहून दुसरा दोर मागवला. दहा वाजता माणसं उतरायला लागतील."

तो उठला. हातातली काठी खाली पडली. "दुसरा दोर?"

"हो. नवा कोरा."

"झाड पडून राहिलं जी!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "मानसं मरतीन! साहेब, मले जाऊ द्या. मानसं मरतीन जी!" आणि तो पायऱ्या उतरून धावायला लागला. लातूरच्या शिपायाने त्याला फाटकात धरला.

त्याच वेळी मंडईच्या बंदोबस्तावरून आमच्या महिला हवालदार परत येत होत्या. आमगावकडच्या, पोवार घरच्या. नोकरी वीस वर्षांची आणि जीभ त्याहून जुनी. त्यांनी म्हाताऱ्याचं बोलणं ऐकलं आणि मला विचारलं, "सर, कोणतं झाड पडून राहिलं?"

"अहो, काही पडलं नाही. उभं आहे ते. काल शिपाई बघून आला."

"मी पडलं का म्हणून नाही विचारून राहिली. पडून कोणतं राहिलं?"

"कड्यावरचं कुसुम," मी म्हटलं.

"सर, पडून राहिलं म्हणजे पडत आहे. आत्ता. हळूहळू." त्यांनी शब्द सुटे करून सांगितले, लहान मुलाला सांगतात तसे. "बाबा म्हणून राहिले की ते झाड पडत आहे आणि त्याला दोर बांधून माणसं उतरून राहिली."

'वाळून राहिला' मला कळलं होतं. 'येऊन राहिलो' कळत होतं. पण 'पडून राहिलं' हे आमच्या सांगलीतही म्हणतात हो! सामान तसंच पडून राहिलं, तो दिवसभर घरी पडून राहिला. माझ्या कानाला तो शब्द ओळखीचा वाटला आणि कानाने परस्पर घरचा अर्थ लावला. पुण्याच्या मॅनेजरनेही तेच केलं, लातूरच्या शिपायानेही तेच. आम्ही तिघे जण पडलेलं झाड शोधायला गेलो आणि उभं झाड बघून परत आलो. परका शब्द असता तर विचारलं असतं.

हवालदारबाईंनी टेबलावरचा जबाब उचलून वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे केलं होतं काय सर?"

मराठीत पोलिसांपुढे दिलेला प्रत्येक जबाब एकाच वाक्याने संपतो. 'माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' मी ते वाक्य हजारो वेळा लिहिलं असेल. हात आपोआप लिहितो. म्हाताऱ्याला मी जबाब वाचून दाखवला नव्हता. दाखवला असता तर 'झाड पडलेले असल्याने' या शब्दांशीच त्याने मला अडवलं असतं.

"गाडी काढा," मी म्हटलं.

त्या दरीत फोन लागत नाही. जीपमध्ये मी तीन वेळा मॅनेजरचा नंबर लावला, बंदोबस्तावरच्या दोघा शिपायांचा लावला, तीनही वेळा ती बाई 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' म्हणाली. म्हातारा मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि हवालदारबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून होत्या. मी मनातल्या मनात ग्रामदैवतापासून खंडोबापर्यंत सगळ्यांना हाका मारत होतो. मी देवभोळा माणूस नाही. त्या दिवशी झालो होतो.

गाडी पायथ्याला थांबली. वर दहा-पंधरा मिनिटांची चढण. म्हातारा उतरला आणि दगडांवरून असा निघाला की आम्ही दोघं वर्दीवाले धापा टाकत मागे राहिलो. मी वर पोहोचलो तेव्हा कड्याच्या टोकाशी एक बाई उभ्या होत्या. आमगावच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका, सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या. डोक्यावर टोप, कमरेला पट्टे, पाठ दरीकडे. "बाई, सोडा पाय! सोडा पाय!" म्हणून बाकीचे शिक्षक टाळ्या वाजवत होते. दोर त्यांच्या कमरेतून निघून त्या कुसुमाच्या बुंध्याला गेला होता. म्हातारा त्यांच्यापुढे जाऊन दोन्ही हातांनी तो दोर धरून उभा होता आणि कॅम्पचे दोघे जण त्याला ओढत होते.

"थांबा! कोणी हलायचं नाही!" मी ओरडलो. इतका मोठा आवाज मी मोर्चातसुद्धा काढला नव्हता.

मुख्याध्यापिका बाईंना आधी मागे घेतलं. त्या नंतर हसत सांगायच्या की, "मला वाटलं, आमच्या यजमानांनीच पोलीस पाठवले."

मॅनेजर वैतागला. "साहेब, तुम्हीच म्हणालात ना की झाड नीट आहे? पंचनामा केलात ना?"

"केला," मी म्हटलं. "उभं आहे एवढाच केला."

म्हाताऱ्याने तिथलीच एक लांब वाळकी फांदी उचलली, बुंध्याच्या वरच्या अंगाला गेला, जिथे पाचोळा साचला होता. पायाने पाचोळा सारला. खाली जमिनीला भेग होती, झाडाच्या मुळामागून वळत गेलेली, तळहात जाईल एवढी रुंद. त्याने फांदी आत सारली. ती गेली, गेली, त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला तरी तळ लागला नाही.

"पाण्यानं खालची माती नेली," तो म्हणाला. "पोळ्याच्या वेळेले बोट जाये. दिवाळीले मूठ जाऊन राहिली. आता हे पाहा. वरून हिरवं आहे जी. हिरवं राहीनच. दोन मुळ्या अजून पाणी देऊन राहिल्या."

मॅनेजरला तरी खात्री हवी होती. मी त्याला दोष देत नाही, मलाही हवी होती. सगळ्यांना लांब उभं केलं. दोन पोत्यांत वाळू भरली, साधारण एका माणसाच्या वजनाची, आणि ती दोराला बांधून कड्यावरून सोडली. पोती अर्ध्यावर गेली असतील. मुळाशी काडकन आवाज झाला. भेगेच्या कडेची माती आत ढासळली आणि अख्खं झाड, पानांसकट, वीतभर दरीकडे झुकून थांबलं. टाळ्या वाजवणारे शिक्षक एकमेकांचे हात धरून चार पावलं मागे सरकले.

मॅनेजर पुढे आला आणि म्हाताऱ्याच्या पाया पडला. मुख्याध्यापिका बाईंनी टोप काढून हातात धरला होता, तो त्यांनी कोणाला दिलाच नाही, घट्ट धरून बसल्या. झाड त्यानंतर पंधरा दिवसांनी पडलं, वारा नसताना, भर दुपारी. तोवर वनखात्याने तो भाग बंद केला होता.

सोमवारी मी म्हाताऱ्याचा जबाब पुन्हा घेतला. या वेळी प्रत्येक वाक्य लिहून झालं की वाचून दाखवलं. 'मी दोर चोरून नेला' इथे त्याने हात वर केला. "चोरलो नाही जी. आणलो." मी खोडून 'आणला' लिहिलं. गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अंतिम अहवाल कोर्टात पाठवला आणि कारणात स्पष्ट लिहिलं की तपासी अधिकाऱ्यास संशयिताची भाषा समजली नाही. वरिष्ठांचा फोन आला. "अहो, असं कोणी स्वतःच्या हाताने लिहितं का?" मी म्हटलं, "सर, खरं तेच आहे." ते म्हणाले, "बरं. राहू दे तसंच." कॅम्प महिनाभरात पुन्हा सुरू झाला, आता दोर दोन वेगवेगळ्या झाडांना बांधतात, आणि झाडं कोणती ते म्हातारा कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून, कान लावून सांगतो. मॅनेजर त्याला 'गुरुजी' म्हणतो. त्या शब्दाचा म्हाताऱ्याला राग येतो.

पण माझ्या मनात राहिलं ते वेगळं. त्या रविवारी आम्ही डोंगर उतरत होतो. मी म्हाताऱ्याच्या बरोबरीने चालत म्हटलं, "बाबा, चूक माझी झाली. मला माफ करा." ठाणेदाराने असं म्हणायची रीत नाही, पण मी म्हटलं.

तो थांबला.

"तुमची नाही जी," तो म्हणाला. "माही चूक आहे. मी रोज सकाळी त्या झाडापाशी जाऊन बसत होतो. कोणी दोर बांधाले आलं का भांडत होतो. आज तुम्ही बोलावलं, मी आलो. यायचंच नव्हतं. बाकावर ऊन खात बसलो जी मी, आन् इकडं ते बाई पाय टाकून राहिली होती."

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ज्या एका माणसामुळे तो कडा सुरक्षित होता, त्यालाच मी युक्ती लढवून चौदा किलोमीटर लांब नेऊन बसवलं होतं, आणि त्याचा दोष तो स्वतःकडे घेत होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. वर्दीवर होतो तरी आलं.

तीस-पस्तीस वर्षं मी लोकांना दरडावत आलो होतो की पोलिसांनी बोलावलं की यायचं. लोक येतात. आमच्या शब्दाला मान देऊन, शिदोरी बांधून, आठच्या आधी येतात. त्यानंतर माझी जेवढी नोकरी उरली, तेवढे दिवस ठाण्यात आलेल्या प्रत्येक माणसाला मी आधी बसायला सांगायचो आणि पहिला प्रश्न हाच विचारायचो : काय सोडून आलात? बहुतेक जण सांगायचे, काही नाही साहेब, कामच होतं. पण दोघा-तिघांनी जे सांगितलं, ते ऐकून मी त्यांना त्याच पावली गाडीत घालून परत पाठवलं.